पंडिता रमाबाई आणि दुष्काळातील मुली

परोपकार हा शब्द आपल्या बोलण्यालिहिण्यात इतका झिजून गेला आहे की, त्याचा उच्चार करताना कोणास काही द्यावे लागत नाही व ऐकणाऱ्यासही त्याचे भय वाटत नाही. घरखर्च भागून उरलेला पैसा, कामधाम आटोपून उरलेला वेळ, आणि मनाजोगा सापडलेला गरजू, एवढी तीन साधने जुळून आली म्हणजे आपला परोपकार सिद्ध होतो. त्यात वाईट असे काही नाही. जगाचा पुष्कळसा गाडा अशा शिलकी दयेवरच चालतो. परंतु ख्रिस्ती धर्माने आपल्या अनुयायांपुढे जी अट ठेवली आहे ती ह्याहून अवघड आहे. गुरूने कमरेस वस्त्र गुंडाळून शिष्यांचे पाय धुतले, ही कथा ज्या धर्माच्या केंद्रस्थानी आहे, तो धर्म उरलेसुरले मागत नाही. दुसऱ्यास आपल्या आधी मांडावे असे तो म्हणतो. सारा भार ह्या ‘आधी’ शब्दावर आहे. आपल्या सुखाच्या आधी दुसऱ्यास मांडणे हे कठीण खरेच. पण आपण मनाशी ठरविलेल्या सत्कार्याच्याही आधी, अवचित दारी आलेल्या परक्यास मांडणे हे त्याहून कठीण आहे.

हे तत्त्व आपल्यास अगदीच अपरिचित आहे असेही नाही. आमच्या तालुक्यात पूर्णा नदी गोदावरीस मिळते. त्याच गोदावरीच्या वरच्या अंगास पैठण आहे, आणि पैठणच्या नाथांची ती कावडीची कथा ह्या खोऱ्यात घरोघर सांगितली जाते. काशीहून गंगाजल घेऊन नाथ रामेश्वरास निघाले होते. वाटेत वाळवंटात तहानेने तळमळणारे एक गाढव दिसले, आणि देवासाठी आणलेले ते पाणी नाथांनी त्याच्या मुखात घातले. कथेचा ऐतिहासिक पुरावा मागण्याच्या भरीस कोणी पडू नये. लक्षात घेण्यासारखी गोष्ट एवढीच की, नाथांनी दिले ते स्वतःच्या पिण्याचे पाणी नव्हते. त्यांनी दिला तो संकल्प. शेकडो कोसांची पायपीट ज्या हेतूने केली तो हेतूच त्यांनी त्या गाढवाच्या तोंडी ओतला, आणि बरोबरचे लोक हळहळले ते पाण्यासाठी नव्हे, त्या मोडलेल्या हेतूसाठी.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात असा प्रसंग एकदा नव्हे, अनेकदा आला. त्यांचे चरित्र बहुतेक सुशिक्षित घरांतून दोन तुकड्यांनी ठाऊक असते: कलकत्त्याच्या पंडितसभेने ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्यांनी गौरविलेली तरुण विदुषी हा पहिला तुकडा, आणि विलायतेस जाऊन ख्रिस्ती झालेली, म्हणून आपल्यातून गेलेली स्त्री हा दुसरा. पहिल्याचा अभिमान धरावा, दुसऱ्याचे दुःख करावे, आणि पुस्तक मिटावे, अशी एक चाल पडून गेली होती. केडगावच्या माळावर त्यांनी जी पंचवीस वर्षे काढली, त्यांकडे त्यामुळे पुरेसे लक्ष गेले नाही. प्रस्तुत लेखाचा विषय मुख्यतः ती वर्षे व त्यांतही १८९६ ते १९०० ची दुष्काळी साले हा आहे.

दुष्काळ म्हणजे काय हे रमाबाईंस पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. त्यांचा जन्म १८५८ चा, सह्याद्रीच्या रानातील गंगामूळ येथला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान आणि तितकेच हट्टी. पत्नीस संस्कृत शिकविले म्हणून स्वजनांचा रोष ओढवला, तरी त्यांनी ते सोडले नाही. पुढे रानातले घर मोडून हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले आणि देवळांतून पुराण सांगून, लोक देतील त्यावर निर्वाह करीत वर्षानुवर्षे हिंडत राहिले. मद्रास इलाख्यात दुष्काळाने गाठले तेव्हा घरात पुराण सांगण्याखेरीज दुसरी विद्या कोणास नव्हती. मोलमजुरी करणे पंडिताच्या कुळास शोभत नाही, आणि भीक मागणे त्याहून नाही. होते नव्हते ते विकून संपले. रमाबाईंनी आपल्या हकिकतीत लिहिले आहे की, तिरुपतीच्या बाजूच्या रानात ह्या कुटुंबाने अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर ह्यांवर काढले. वृद्ध व दृष्टी गेलेल्या शास्त्रीबोवांनी जलसमाधी घेण्याचा निश्चय केला. तेव्हा मुलगा श्रीनिवास ह्याने, मी जातीचा अभिमान सोडून अंगमेहनत करीन, पण आपण हे करू नये, असे म्हणून त्यांस परतविले. ह्या निर्धाराचा उपयोग व्हावयास उशीर झाला होता. थोड्याच महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण अशी तिघे गेली. उरलेली दोन भावंडे पायी उत्तर हिंदुस्थानात गेली. झेलमच्या काठी थंडीने प्राण जाऊ नये म्हणून त्यांनी वाळूत खड्डे करून त्यांत स्वतःस गळ्यापर्यंत पुरून घेऊन रात्र काढल्याचे त्या सांगतात. भिजविलेले धान्य आणि मीठ एवढ्यावर दिवस काढलेले हे ज्ञान रमाबाईंच्या पदव्यांत कोठे नमूद झाले नाही. पण पुढे तेच कामास आले.

मधल्या काळाची हकिकत सर्वश्रुत आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. १८७८ मध्ये कलकत्त्यास गौरव झाला. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी ह्या वकिलाशी जातिबंधन झुगारून विवाह झाला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेला. चोविसाव्या वर्षी, मांडीवर मूल असलेली ही विधवा पुण्यास आली. तेथे तिने आर्य महिला समाज स्थापिला, हंटर कमिशनपुढे स्त्रियांच्या शिक्षणाविषयी साक्ष दिली, आणि १८८३ मध्ये ती इंग्लंडास गेली.

त्या वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. ह्या धर्मांतराच्या कारणांची महाराष्ट्रात त्या वेळी पुष्कळ चिकित्सा झाली. कोणी फसवणूक म्हटले, कोणी लोभ म्हटले. जोतीराव फुले ह्यांच्यासारखा एखादाच १८८५ मध्ये आपल्या ‘सत्सार’ ह्या अंकात त्यांची बाजू घेऊन उभा राहिला. नीलकंठशास्त्री गोऱ्हे ह्या ख्रिस्ती झालेल्या पंडिताच्या लेखांचा त्यांच्या बुद्धीवर परिणाम झाला होता, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. परंतु त्यांच्या अंतःकरणास जी गोष्ट भिडली ती निराळी होती. लंडनजवळ फुलहॅम येथे पतित स्त्रियांसाठी एक आश्रम होता. तेथे भगिनीमंडळातील बायका ह्या स्त्रियांची सेवा करीत असलेल्या, आणि त्यांच्यांपैकीच काही सावरलेल्या स्त्रिया पुढे इतरांची सेवा करीत असलेल्या त्यांनी पाहिल्या. ज्या स्त्रियांचे नाव घेणेही आपल्याकडे अमंगळ, त्यांची शुश्रूषा कोणी का करावी, हे त्यांस उमगेना. त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांस येशू व विहिरीवरची शोमरोनी स्त्री ह्यांची योहानाच्या शुभवर्तमानातील कथा वाचून दाखविली. सिद्धांताच्या वादात सहसा हार न जाणारी ही पंडिता त्या कथेपुढे नमली. ज्या धर्मात त्या शिरल्या त्या धर्माचे दार त्यांस विद्वानांच्या सभेत नव्हे, अशा ठिकाणी सापडले, ही गोष्ट त्यांचे पुढील आयुष्य समजून घेण्यास फार उपयोगी आहे. एरव्ही नव्या धर्मातही त्या कोणाच्या अंकित झाल्या नाहीत. इंग्रज गुरुजनांशी त्यांचे सिद्धांतावरून खटके उडाले, आणि अन्नवस्त्राच्या बाबतीत त्या अखेरपर्यंत शाकाहारी व साध्या पांढऱ्या लुगड्यातल्याच राहिल्या.

अमेरिकेत १८८६ पासून दोन वर्षांवर हिंडून, व्याख्याने देऊन आणि १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी ग्रंथ लिहून त्यांनी पैसा उभा केला. बॉस्टन येथे त्यांच्या नावाचे मंडळ निघाले आणि त्याने दहा वर्षे साहाय्य देण्याचे पत्करले. त्यातून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले. ही योजना अत्यंत विचारपूर्वक आखलेली होती. उच्चवर्णीय बालविधवा हा तिचा विषय. त्यांच्या जातिनियमांस, सोवळ्यास, देवपूजेस कोणी धक्का लावावयाचा नाही, आणि धर्मोपदेश करावयाचा नाही, हा तिचा करार. पहिल्याच विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी विवाहबद्ध झाल्या व आनंदीबाई कर्वे ह्या नावाने प्रसिद्धीस आल्या.

त्याच १८९३ साली वादळ झाले. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत, आणि काही मुली आपणहून तेथे येऊन बसत. कोणास बोलाविले नाही, पण येणारीस अडविलेही नाही. आपल्या घरात आपल्या धर्माप्रमाणे वागण्याचा हक्क मी गमावलेला नाही, हे त्यांचे म्हणणे. ‘केसरी’ने कडक टीका केली, रानडे व भांडारकर ह्यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून निघाले, पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या. मला वाटते, ह्या प्रकरणी दोन्ही बाजूंस काही सत्य होते. ज्या बापाने समाजाचा रोष पत्करून आपली विधवा मुलगी तेथे पाठविली, त्यास दिलेला शब्द ‘दार उघडे होते’ एवढ्याने पाळला जात नाही. उलट, ज्या विश्वासामुळे ही बाई त्या मुलींसाठी सात समुद्र ओलांडून पैसा आणीत होती, तो विश्वास तिने त्यांच्यापासून चोरून ठेवावा, ही अपेक्षाही विचित्रच होती. ह्या भांडणातून निघालेले एक फळ मात्र निर्विवाद गोड आहे: हिंदू विधवांसाठी हिंदूंनी चालविलेली संस्था असावी, ही गरज ठळक झाली आणि १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला.

१८९६ मध्येच मध्यप्रांतात पाऊस गेला. ह्या वेळी रमाबाईंची स्थिती काय होती, ते पाहावे. संस्था वादळातून कशीबशी सावरलेली. बॉस्टनच्या मंडळाची दहा वर्षांची मुदत संपत आलेली. हाती असलेला पैसा उच्चवर्णीय विधवांच्या शिक्षणासाठी म्हणून दिलेला. दुष्काळपीडितांस आणावयाचे तर त्यांच्या जाती कोण विचारणार, आणि त्यांचे सोवळे कोण सांभाळणार? शारदासदनाच्या साऱ्या रचनेस तो छेद होता. आपण काही काळ मागेपुढे झालो, हे त्यांनी प्रांजळपणे लिहून ठेवले आहे: पैसा नाही, हातात आहे तेच काम पुरे आहे, हे विचार त्यांच्याही मनात आले. पण स्वतः उपाशी हिंडलेले दिवस आठवले, आणि ते आठवल्यावर पुण्यात स्वस्थ बसवेना. त्या मध्यप्रांतात गेल्या.

तेथे जे दिसले त्याचे त्यांनी केलेले वर्णन आजही वाचवत नाही. हाडांचे सापळे झालेली माणसे हे दुष्काळाचे चित्र सर्वांस ठाऊक असते. रमाबाईंची नजर त्यापलीकडे गेली. सरकारी दुष्काळी कामांवर आणि अन्नछत्रांत पुरेसा बंदोबस्त नव्हता. तरुण मुली तेथे एकट्या सापडत, आणि एका घासाच्या आशेने त्यांस फूस लावून नेणारी माणसे अवतीभवती फिरत. भूक शमली तरी मुलगी वाचली असे होत नाही, हे ज्यांना कळत होते असे थोडेच लोक त्या गर्दीत असतील. फुलहॅमचा आश्रम पाहिलेल्या ह्या बाईस ते तत्क्षणी कळले. त्यांनी मुली गोळा करण्यास आरंभ केला. प्रथम लहान लहान तुकड्या पुण्यास पाठविल्या; शेवटी त्यांची संख्या सुमारे तीनशे झाली. सदनात राहणाऱ्या थोड्या विधवांसाठी बांधलेली ती व्यवस्था, आणि तीत ह्या तीनशे!

एवढ्यात पुण्यात प्लेग आला. शहरात नवी माणसे ठेवण्यास अधिकाऱ्यांची मनाई झाली. केडगाव येथे, पुण्यापासून सुमारे ३४ मैलांवर, सोलापूरच्या लोहमार्गालगत रमाबाईंनी फळबागेसाठी काही जमीन आधीच घेऊन ठेवली होती. बागेच्या उत्पन्नावर पुढे शारदासदन स्वावलंबी व्हावे हा त्यातला हेतू. त्या उघड्या माळावर राहुट्या व झोपड्या घालून मुलींस नेण्यात आले. ज्या भूमीतून सदनासाठी पैसा उगवावयाचा होता तीतच सदनास गिळून टाकणारे काम उगवले. ह्या मुलींचे पहिले काही महिने कसे गेले असतील, ह्याची कल्पना स्वच्छ मध्यमवर्गीय घरांतून करता येणे कठीण आहे. उपासमारीने माणसाचे शरीरच खंगते असे नाही. त्याचा विश्वास खंगतो. पुढचे जेवण मिळेलच ह्यावर भरवसा नसल्याने मुली अन्न चोरून ठेवीत, एकमेकींच्या अंगावर धावून जात. खरूज, फोड, हगवण ह्यांनी पुष्कळ जर्जर झालेल्या, आणि काही वाचल्याही नाहीत. त्यांस न्हाऊमाखू घालावयाचे, त्यांची उष्टी काढावयाची, हे काम शारदासदनातल्या जाणत्या मुलींकडे आले. त्या बहुतेक ब्राह्मणांच्या. ज्यांच्या सोवळ्यास धक्का लागू नये म्हणून चार वर्षांपूर्वी पुणे पेटले होते, त्यांच्यापैकीच काहींनी कोणाची कोण अशा पोरींच्या डोक्यातील उवा काढल्या. रमाबाईंनी आपला बेत मोडला तो एकट्याने मोडला नाही. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांनीही तो मोडला. मला तरी शारदासदनाच्या शिक्षणाची हीच खरी परीक्षा वाटते.

१८९८ च्या सप्टेंबरात पक्क्या इमारती उभ्या राहिल्या आणि वसाहतीस ‘मुक्ती’ हे नाव मिळाले.

मध्येच एक प्रसंग घडला, तो येथे सांगितला पाहिजे. कारण ख्रिस्ती झालेल्या माणसाने राज्यकर्त्यांची री ओढावी, अशी तेव्हाची सार्वत्रिक समजूत होती. प्लेगच्या बंदोबस्ताच्या नावाखाली पुण्यात रुग्णालयांतून व छावण्यांतून स्त्रियांची जी दुर्दशा होत होती, ती आपल्या आश्रमातील एका मुलीच्या हकिकतीवरून रमाबाईंनी १८९७ च्या मे महिन्यात ‘बॉम्बे गार्डियन’ ह्या पत्रात उघडपणे मांडली. पत्राचा गवगवा विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत गेला. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट ह्यांनी त्यातील विधाने अत्यंत चुकीची ठरविली. रमाबाई मागे हटल्या नाहीत. तीनशे मुलींचे अन्न ज्या सरकारच्या मेहेरनजरेवर काही अंशी अवलंबून, त्यास त्या वेळी दुखविणे शहाणपणाचे नव्हते. पण एका मुलीचा प्रश्न होता, आणि त्यांच्या हिशेबात एक ही संख्या तीनशेंहून लहान नव्हती.

१८९९–१९०० चा दुष्काळ आधीच्याहून भयंकर निघाला. गुजरात व राजपुताना ह्यांत तो छप्पनचा दुष्काळ म्हणून अजून स्मरला जातो. ह्या वेळी रमाबाईंनी आश्रमातील जाणत्या मुली व कार्यकर्त्या गुजरातेत पाठविल्या. तीन वर्षांपूर्वी स्वतः दुष्काळातून आलेल्या मुली आता दुसऱ्यांस शोधण्यास निघाल्या. १९०० साल संपता संपता मुक्तीतील माणसांचा आकडा सुमारे दोन हजारांवर गेला. एवढ्या लोकांस दोन वेळ अन्न देणे म्हणजे एका लहान गावाचा संसार. दुष्काळ केडगावासही होताच. विहिरी खोदाव्या लागल्या, पाणी मोजून द्यावे लागले. शेती, मागावरचे विणकाम, तेलघाणा, गोठा, रोट्यांची भट्टी, शिवण, धुलाई, छापखाना असे नाना उद्योग निघाले, आणि ते सगळे बायकांच्या हातचे. पतित स्त्रियांसाठी कृपासदन, अंधांसाठी बार्तिमीसदन, वृद्ध व अपंगांसाठी प्रीतिसदन अशा शाखा फुटत गेल्या. ह्यांपैकी एकही शाखा १८८९ च्या योजनेत नव्हती. जी जी माणसे येऊन पडली तिच्या तिच्यासाठी एकेक घर निघाले, आणि योजना मागाहून झाली.

आता ज्या प्रश्नास बगल देऊन रमाबाईंविषयी प्रामाणिकपणे लिहिता येत नाही, त्या प्रश्नाकडे वळतो. मुक्ती हे उघडउघड ख्रिस्ती स्थान होते. शारदासदनाचा तटस्थतेचा करार तेथे नव्हता. १८९६ मध्ये लोणावळ्याच्या प्रार्थनामेळाव्यात आपल्याबरोबरच्या पंधरा ख्रिस्ती मुलींकडे पाहून, ह्या पंधरांचा वर्ग व्हावा, म्हणजे दोनशे पंचवीस व्हाव्या, अशी प्रार्थना आपण केल्याचे रमाबाईंनीच लिहिले आहे. आणि दुष्काळानंतर मुलींचे बाप्तिस्मे मोठ्या संख्येने झाले. तेव्हा टीकाकार म्हणाले, ही सेवा नव्हे, ही भरती. उपाशी मुलीने आपल्यास अन्न देणारीचा धर्म घेतला तर त्यास संमती म्हणावे काय? हा प्रश्न खरा आहे, आणि दयेच्या कढाने तो विरघळत नाही. अन्नदात्याच्या हाती जी सत्ता येते तिच्याइतकी सूक्ष्म सत्ता दुसरी नाही. रमाबाईंस ह्या सत्तेची पुरती जाणीव होती असे मला त्यांच्या लेखनावरून वाटत नाही; आपल्यास जे तारक झाले ते दुसऱ्यास देणे हा त्यांस उपकाराचाच भाग वाटे, आणि त्यांच्या श्रद्धेच्या माणसास तसे वाटणे स्वाभाविक होते.

पण भरतीचा आरोप वस्तुस्थितीस पुरा पडत नाही. संख्या वाढविणे हाच ज्याचा हेतू असतो तो धडधाकट माणसे निवडतो. आंधळ्या, वेड्या, रोगाने सडलेल्या, कुमार्गास लावलेल्या, मरणासन्न अशा स्त्रिया गोळा करून कोणत्याही पंथाचे बळ वाढत नाही. त्याचा खर्च मात्र वाढतो. शिवाय, ह्या मुलींवर हक्क सांगणारे त्या दिवशी मदतकेंद्राच्या दाराशी कोण उभे होते? त्यांचा धर्म गेला म्हणून पुढे हळहळणाऱ्यांपैकी, त्यांचा प्राण जात असताना किती जण तेथे गेले होते? हा सवाल कठोर आहे, पण तो विचारल्यावाचून पहिला प्रश्न विचारण्याचा अधिकार येत नाही. दोन्ही प्रश्न एकाच वेळी मनात बाळगणे आपल्या सुशिक्षित वर्गास आजवर जमलेले नाही; एक हाती धरला की दुसरा खाली ठेवण्याची आपली रीत आहे.

ह्या बाबतीत रमाबाई अगदी एकट्या नव्हत्या, हेही नमूद केले पाहिजे. पूर्णेहून मनमाडकडे जाताना वाटेत जालना लागते. त्या जालन्याजवळ, निजामाचे दिवाण सर सालारजंग ह्यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर, रेव्हरंड नारायण शेषाद्री ह्यांनी ‘बेथेल’ नावाचे खेडे वसविले होते. हेही ब्राह्मण, १८४३ मध्ये मुंबईस ख्रिस्ती झालेले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत ह्याचा खटला त्या वर्षी गाजला, आणि त्या मुलास शुद्ध करून जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर झटले, ही हकिकत मराठी वाचकांस माहीत असते. थोरल्या भावाचे पुढे काय झाले, ते मात्र मराठवाड्याबाहेर थोड्यांस ठाऊक आहे. मुंबईच्या इंग्रजी विद्येत रमू शकणारा हा मनुष्य जालन्याकडे येऊन, गावकुसाबाहेरच्या मांग वगैरे लोकांबरोबर शेती व विहिरी ह्यांच्या कामात गढून गेला आणि १८९१ मध्ये वारला. त्याची व रमाबाईंची तुलना करण्याचा माझा हेतू नाही. परंतु धर्म बदलल्यावर दोघांचीही पावले सभामंडपाकडून गावकुसाबाहेर वळली, हे साम्य नजरेत भरते.

रमाबाईंच्या वाट्याला आलेले लोक असे अनपेक्षित होते, तसे त्यांच्या हाती दिलेल्या एकुलत्या एका मुलीचे आयुष्यही त्यांनी ह्याच कामी लावले. मनोरमा इंग्लंड-अमेरिकेत शिकून परत आली, अंधांसाठी ब्रेल लिपी शिकून तिने ती आश्रमातल्या मुलींस शिकविली, आणि १९१२ मध्ये गुलबर्ग्यास, म्हणजे निजामाच्या राज्यात, निघालेल्या शाळेचा भार तिच्यावर आला. आईच्या मागे मुक्ती तीच चालविणार, असे सर्वांनी धरले होते. मुलीची प्रकृती ह्या ओझ्याखाली खालावत होती हे आईस दिसत नसेल काय? दुसऱ्यांस आधी मांडणाऱ्या माणसांच्या घरात ‘दुसरे’ म्हणून कोणाची गणना होते आणि कोणाची होत नाही, हा विचार मनोरमेच्या चरित्रापाशी मनात आल्याखेरीज राहत नाही. तिने स्वतः कधी तक्रार केल्याचे दिसत नाही.

शेवटची सुमारे अठरा वर्षे रमाबाईंनी एका कामास वाहिली: मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर. ह्यासाठी उतारवयात त्या ह्या दोन्ही भाषा शिकल्या. आधीची भाषांतरे होतीच. परंतु त्यांतील संस्कृतप्रचुर मराठी आपल्या आश्रमातील अडाणी मुलींस कळत नाही, आणि त्यांतील कित्येक शब्दांस जुन्या तत्त्वज्ञानाचा वास येतो, अशी त्यांची तक्रार होती. कल्पना करावी: अठरा हजार श्लोक मुखोद्गत असल्याची जिची कीर्ती, जिच्या संस्कृतावर कलकत्त्याचे शास्त्री लुब्ध झाले, ती बाई आपल्या वाक्यांतून वेचून वेचून संस्कृत काढीत आहे, कारण वाचणारी कोणी शास्त्रीण नव्हे, गुजरातेतून आणलेली, कालपरवा अक्षरे ओळखू लागलेली पोर आहे. हे भाषांतर सर्वत्र सुलभ उतरले आहे असे मला म्हणता येणार नाही. मूळास शब्दशः धरून राहण्याच्या आग्रहामुळे त्याची वाक्ये पुष्कळ ठिकाणी अडखळतात, आणि मराठी गद्याचा नमुना म्हणून ते फारसे वाखाणले गेले नाही. पण विद्येचा त्याग म्हणून त्याकडे पाहावे, म्हणजे त्याची किंमत कळते. पैसा सोडणारी माणसे पुष्कळ. आपल्या भाषेचा डौल दुसऱ्यासाठी उतरवून ठेवणारा पंडित विरळा.

ह्या ग्रंथाचे खिळे आश्रमातल्या मुलींनीच जुळविले, छापले त्यांनीच, बांधले त्यांनीच. रमाबाई तोपर्यंत जवळजवळ बहिऱ्या झाल्या होत्या. १९१९ मध्ये सरकारने त्यांस कैसर-ए-हिंद हे पदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. चाळिशी नुकतीच उलटलेली. त्यानंतर आईने मुद्रिते तपासण्याचे काम थांबविले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या तेव्हा शेवटची मुद्रिते तपासून झाली होती. समग्र ग्रंथ १९२४ मध्ये केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडला.